शेवटच्या रेघेवरची खुर्ची

मुलीचा फोन आला तेव्हा तो पेन्सिलीला टोक काढत होता. फोन संपला तेव्हा टोक मोडलेलं होतं, आणि ते कधी मोडलं हे काही त्याला कळलं नाही. एरवी त्याच्या हातून टोक मोडणं म्हणजे अघटितच. एकतीस वर्षं या माणसाने पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले, शहराच्या पोटातला एकूण एक नळ कागदावर उतरवला, आणि सगळं खातं त्याला फूटपट्टी म्हणायचं, तेही तोंडावर. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाकड्या माणसाला कुणी फूटपट्टी म्हणेल का, असं तो उलट विचारायचा. आताही त्याच्यासमोर जेवणाच्या टेबलावर चौकटींचा मोठा कागद पसरलेला होता, चार कोपऱ्यांवर चार चमचे ठेवलेले होते, आणि मधोमध शहरातल्या मोठ्या इनडोअर स्टेडियमचा लांबट गोल आखलेला होता. चार दरवाजे, बारा जिने, खाली खेळाची जागा. सगळं आठवणीतून. शनिवारी तिथे जायचं होतं. मुलीने फोनवर सांगितलं ते असं, की बाबा, उपांत्य सामन्याला मला शेवटची रेघ मिळाली, तीच बाजू, तुमचीच खुर्ची! आणि घरच्यांसाठी दोन जागा मिळतात, कुठल्या हव्यात ते सहाच्या आत कळवायचंय, मी पाचला येतेच, तोवर ठरवून ठेवा. इथवर सगळं गोडच होतं. त्याची छाती फुगली, ती फोनमधूनही कुणाला दिसली असती. मग ती हसत म्हणाली, "आणि परवाची गंमत ऐका. लहान सामना होता, खेळाडू नेमकी माझ्या आणि रेघेच्या मध्ये आली. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. पण मी हात खाली दाखवला. आत! ठणकावून! डोळे झाकायला मी काय दुसऱ्या कुणाची मुलगी आहे?" तो म्हणाला, "शाबास." हा शब्द त्याच्या तोंडून गेला, आणि मग टोक मोडलं.

शाबास. आतल्या खोलीत बायको गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसली होती. फोन स्पीकरवर होता, म्हणजे तिने सगळं ऐकलं असणार. चाळीस वर्षं दातांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या बाजूला उभी राहिलेली बाई, तिला न बोलण्याची सवय होती. तिने पिशवी उलटी केली, एवढा आवाज मात्र आला. त्याने नवं टोक काढलं आणि कागदावर वाकला. काम करत राहावं, काम करताना माणूस ताळ्यावर येतो, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. पहिल्या टप्प्याला साडेनऊची बस पुरते, तरी सव्वानऊची घ्यावी, कारण दुसरी बस चुकली तर बायकोला उन्हात उभं राहावं लागेल आणि मग ती दिवसभर तेच बोलत राहील. बसमधून उतरल्यावर तीनशे पावलं. पूर्वेच्या दरवाजाला पायऱ्या एकवीस, उत्तरेच्या दरवाजाला सात आणि पुढे उतार. म्हणजे उत्तरच. त्याला कुणी विचारलं असतं की चौदा वर्षांत पाऊल न ठेवलेल्या इमारतीच्या पायऱ्या तुमच्या कशा लक्षात, तर त्याने त्या माणसाकडे नुसतं बघितलं असतं. ती इमारत त्याच्या पायाखालची होती. वयाच्या तिसाव्या वर्षापासून बावन्नाव्या वर्षापर्यंत, खात्यातून सुटला की कोरे पांढरे बूट पिशवीत घालून तो तिकडे पळायचा. बॅडमिंटनचा रेषापंच म्हणून. पैशासाठी नव्हे, पैसे काय, बसभाडं सुटायचं. ते लाकडी तळ पुसल्यावरचा वास, वरून पडणारा सपाट प्रकाश, आणि त्या आठ हजार माणसांच्या मध्ये एका खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेला आपण. खेळाडू येतात, जातात, घामेजतात, रडतात. रेघ तिथेच असते. रेघेवर एक माणूस लागतो आणि तो माणूस मी आहे, असं त्याला वाटायचं. या सुखाबद्दल तो कुणाशी बोलला नव्हता, कारण लोक म्हणाले असते, बसून राहायचं ते, त्यात कसलं आलंय सुख?

शटलला त्यांच्या घरात फूल म्हणत. आणि फूल कुठे पडलं हे सांगायच्या तीन खुणा असतात, एवढंच काय ते शास्त्र. उजवा हात रेघेकडे खाली दाखवला की आत. दोन्ही हात आडवे पसरले की बाहेर. आणि दिसलंच नसेल तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, मग वर बसलेला मुख्य पंच काय ते ठरवतो. या खुणा त्याने घरी आणल्या आणि घराने त्या उचलल्या. चहात साखर बेताची झाली की हात खाली. नको असलेला पाहुणा एकदाचा गेला की दोन्ही हात आडवे. मुलगी तीन वर्षांची असताना तिने काकूच्या नव्या साडीकडे बघून दोन्ही हात आडवे पसरले होते, आणि काकूला वाटलं पोर कुशीत यायचं म्हणतेय, तिने उचलून पापे घेतले. त्यावर घर वर्षभर हसलं. पण तिसरी खूण त्या घरात नव्हती. म्हणजे तिला मज्जावच होता. मुलगी दहा वर्षांची असताना कपाटाची काच फुटली. कुणी फोडली, असं त्याने विचारलं. मुलीने दोन्ही हातांनी डोळे झाकले. खरं तर किती शहाणी खूण केली पोरीने! शेजारच्या मैत्रिणीने फोडली असेल, चुगली करायची नसेल, किंवा खरोखरच तिने पाहिलं नसेल. त्याने तिचे हात मनगटाला धरून खाली ओढले आणि म्हणाला, "ही खूण या घरात चालत नाही. तुझ्या बापाने आजवर एकदाही डोळे झाकलेले नाहीत. पाहिलंस की नाही पाहिलंस?" मुलगी म्हणाली, पाहिलं. मीच फोडली. पुढे कधीतरी कळलं की तिने फोडली नव्हती. कळलं, आणि त्याने ते तसंच राहू दिलं. आत्ता, पेन्सिल उत्तरेच्या दरवाजावर टेकवलेली असताना, तिची ती मनगटं त्याच्या मुठीत परत आल्यासारखी वाटली. केवढीशी होती.

काच फुटली तेव्हा ती गोष्ट दोन वर्षं जुनी झाली होती. गोष्ट म्हणजे घरातली गोष्ट, पाहुण्यांना सांगायची. अंतिम सामना, शेवटचा गुण, सगळं स्टेडियम उभं. एका बाजूला गतवर्षीची विजेती, दुसऱ्या बाजूला एकोणीस वर्षांची उंच डावखुरी पोर, कुणाला ठाऊक नसलेली. विजेतीने फूल उंच मारलं, मागच्या कोपऱ्यात. डावखुरी मागे सरकत आली, वर बघितलं, आणि हात खाली सोडला. बाहेर जातंय म्हणून सोडून दिलं. फूल पडलं. आठ हजार माणसं एका माणसाकडे बघायला लागली. गोष्ट सांगताना तो इथे थांबायचा, आणि मुलीने विचारायचं, "आणि बाबा, फूल कुठे पडलं?" हे तिचं वाक्य, आठ वर्षांची असल्यापासून तिचंच, दुसऱ्या कुणी म्हटलेलं तिला खपायचं नाही. मग तो काही न बोलता उजवा हात जमिनीकडे दाखवायचा. बास. पाहुणे टाळ्या वाजवायचे. बावीस वर्षांत एकदाही डोळे झाकले नाहीत हो यांनी, असं कुणीतरी म्हणायचं, आणि बायको कप गोळा करायला लागायची. ती नेमकी त्याच वेळी कप का गोळा करते, हे त्याला आज पहिल्यांदा खटकलं. सव्वीस वर्षांनी. म्हणजे फूटपट्टी किती बारीक बघते, ते कळलंच.

गोष्टीत नसलेलं एवढंच होतं, की डावखुरी मागे सरकत सरकत त्याच्या आणि रेघेच्या बरोबर मध्ये येऊन थांबली होती. तिची पाठ दिसत होती, पाठीवरचा घामाचा डाग दिसत होता, एक सुटलेली नाडी दिसत होती. रेघ नाही. टप् असा बारीक आवाज आला. नियमाने हात वर जायला हवे होते, डोळ्यांवर. यात कमीपणा काही नाही, मोठमोठे पंच झाकतात, पाठीतून आरपार कुणालाच दिसत नसतं. पण आठ हजार माणसं बघत होती, वर तिसऱ्या रांगेत बायको आणि आठ वर्षांची मुलगी बघत होती, आणि आपण आज इथे आहोत ते बघण्यासाठी, आपल्याला दिसलं नाही हे सांगण्यासाठी नव्हे, असं त्याला त्या अर्ध्या क्षणात वाटलं. वाटलं तरी म्हणावं का? हात आपला खाली गेला. इतकंही माफ झालं असतं. पण ती डावखुरी वळली. ओरडली नाही, रॅकेट आपटली नाही. दोन पावलं जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, दिसलं ना तुम्हाला?" भांडत नव्हती ती. तिला खरंच विचारायचं होतं. आणि त्याने मान हलवली. ती म्हणाली, "मग ठीक आहे," आणि जाळीपाशी हात मिळवायला गेली. खोटं बोटाने सांगितलेलं नव्हतं, मानेने सांगितलेलं होतं. बोटाची चूक होऊ शकते. मानेला सगळं ठाऊक होतं. कदाचित फूल आतच पडलं असेल, असा त्याने पुढे पुष्कळ हिशेब केला, उंची, वेग, कोन, नकाशे काढणारा माणूस, करणारच. कोन जुळायचा आणि झोप यायची नाही. डावखुरी पुन्हा कधी अंतिम सामन्यात दिसली नाही. आणि एकदा न झाकलेले डोळे पुढे कधी झाकताच येईनात. गोष्ट घरात शिरून बसली होती, तिचा मान ठेवायला हवा होता. नंतरच्या बारा वर्षांत आणखी तीन वेळा त्याला दिसलं नाही. चार वेळा असेल. दर वेळी हात कुठेतरी गेला.

"मी काय म्हणते," बायको आतून लंगडत बाहेर आली आणि खुर्ची ओढून बसली. "कुठपर्यंत आला तुमचा किल्ला?" किल्लाच म्हणायची ती त्याच्या नकाशांना. तो खुलला. पट्टी घेऊन समजवायला लागला, की उत्तरेच्या दरवाजाने आत, डावीकडे प्रसाधनगृह, तिथे रांग नसते कारण लोकांना ते माहीतच नाही, मग उताराने तिसऱ्या रांगेपर्यंत, आणि पश्चिमेकडच्या या दोन जागा. इथून मुलीची खुर्ची अगदी समोर. तुझा गुडघा बाहेरच्या बाजूला राहील, ताणून बसता येईल. सगळं बघितलंय मी. बायकोने चष्मा पुसला, कागदावर वाकून बघितलं आणि म्हणाली, "इथे नको. इथे मी बसलेय एकदा." कधी, असं त्याने विचारायच्या आधीच ती म्हणाली, "त्या अंतिम सामन्याला. इथेच. हा खांब होता आणि पुढे तुम्ही. इथून सगळं दिसतं हो, फक्त रेघ तेवढी दिसत नाही. आणि तुम्हालाही दिसली नव्हती. ती पोर तुमच्यासमोर उभी होती, दरवाजासारखी." तिने हे अशा आवाजात सांगितलं, जसं दवाखान्यात म्हणायची, तोंड उघडा बरं. रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर ओढलं. त्याचे कान एकदम गरम झाले. संतापायला हवं होतं असं वाटलं, आणि संताप शोधायला गेला तर तिथे काहीच नव्हतं, दात काढल्यावर जीभ जाते तशी पोकळी. "सव्वीस वर्षं," तो म्हणाला. "बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"अगं, पण..."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं असू दे. नवऱ्याला हौस आहे, पोर टाळ्या वाजवतेय, कुणाचं काय जातंय. आणि खरं सांगू? मला भीती वाटायची. तुम्ही इतके ताठ बसायचा त्या खुर्चीवर, की वाटायचं, मी बोलले आणि काही मोडलं तर?" गुडघा दोन्ही हातांनी धरून तिने पाय सरळ केला. "पण आज ऐकलं ना मी फोनवर. आडात होतं ते पोहऱ्यात आलं. शनिवारी तिच्यासमोरही कुणीतरी येऊन उभी राहील, तेव्हा ती काय करणार आहे ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. दवाखान्यात मी एक बघितलंय, दुखत नाही दुखत नाही म्हणणाऱ्याचाच दात आतून गेलेला असतो. उपटायचा तर आजच उपटा."

मुलीला सांगितलं तर? त्याने कागदाकडे बघितलं. ती त्याच्यासारखी बसायची, गुडघ्यांवर हात ठेवून. परीक्षेला जाताना त्याची पट्टी घेऊन जायची. लग्नात नवऱ्याकडच्या माणसांना तिने वडिलांची ओळख करून दिली ती हीच, की यांनी बावीस वर्षांत एकदाही. तिच्या नजरेतून उतरायचं म्हणजे कितव्या मजल्यावरून उतरायचं होतं, त्याला काही मोजता येईना. न सांगावं तर शनिवारी मुलीच्या पुढ्यात कुणाची तरी पाठ येणार आणि कुणीतरी एकोणीस वर्षांची पोर वळून तिला विचारणार, ताई, दिसलं ना तुम्हाला? आणि मुलगी मान हलवणार. मान हलवल्यावर मानेचं पुढे काय होतं हे या घरात एकालाच ठाऊक होतं. हे त्याला दिसलं, अगदी लख्ख, मध्ये कुणी उभं नसताना. गंमत म्हणजे ते दिसल्यावर त्याला भीती वाटली नाही. हातात काम आलं की वाटतो तसा जोर वाटला. खात्यात कुठे नळ फुटला की सगळे धावपळ करायचे आणि तो शांतपणे जुना नकाशा काढून म्हणायचा, खणायचं तर इथे खणा. त्याने खोडरबर घेतलं आणि पश्चिमेकडच्या दोन जागा पुसून टाकल्या.

मुलगी पाचला पाच मिनिटं कमी असताना आली, पायातले बूट न काढता टेबलापाशी आली, आणि कागद बघून खो खो हसली. "बाबा, हे काय, चमचेसुद्धा स्टेडियमला नेणार की काय? आई, गुडघा?" आईने हात आडवे पसरले. मुलीने चहाचा कप उचलला आणि कागदावर बोट फिरवत गेली, उत्तरेचा दरवाजा, उतार, खेळाची जागा, आणि बोट मागच्या रेघेच्या टोकाला थांबलं. तिथे त्याने छोटी खुर्ची काढली होती. "हीच ना? इथेच बसला होतात." तिचा चेहरा आठ वर्षांचा झाला. त्याला वाटलं होतं की आपण तयारीने बोलू, दोन वाक्यं मनात जुळवली होती, नीट, सरळ. पण ती टेबलाच्या कडेवर बसली आणि पाय हलवत आपलं वाक्य म्हणाली. "आणि बाबा, फूल कुठे पडलं?"

त्याने दोन्ही हात उचलले आणि डोळे झाकले.

आधी हसू ऐकू आलं. मग ते अर्ध्यात थांबलं. "बाबा, काहीतरीच काय." हातांच्या आतल्या अंधारात पेन्सिलीच्या शिशाचा वास होता. बायकोचा आवाज आला, "चेष्टा नाही गं ती." कप बशीत ठेवल्याचा आवाज, तिच्या बुटांची दोन पावलं, मग परत दोन. "म्हणजे दिसलंच नव्हतं?" तो हातांच्या आतून म्हणाला, "नाही. आणि तिने मला विचारलं. दिसलं ना, म्हणून. मी मान हलवली." आणि एकदा सुरुवात झाल्यावर तो थांबला नाही. नंतरच्या तीन वेळा सांगितल्या, चौथीही सांगितली. काच तू फोडली नव्हतीस हे मला कळलं होतं, हेही सांगितलं. "तुमच्यामुळे मी..." मुलीचा आवाज चिरकला. "परवा त्या मुलीने माझ्याकडे बघितलं, बाबा. नुसतं बघितलं. मी फोनवर सांगितलं नाही तुम्हाला. मला रात्रभर झोप नाही. आणि मी स्वतःला काय सांगत होते माहितीये? की बाबांनाही असं वाटलं असेल, पण बाबांना तरी दिसलं होतं!" ती रडत होती, रागाने रडत होती, आणि तिचा राग बरोबर होता. त्याने हात खाली घेतले नाहीत. घ्यायला हवेत का हेही त्याला कळत नव्हतं. "परवाच्या सामन्याचं," तो म्हणाला, "मुख्य पंचाला आज लिहून कळव. दिसलं नव्हतं म्हणून. निकाल बदलत नाही, तरी कळव." ती म्हणाली, "आणि मग शनिवारी मला खुर्ची दिलीच नाही तर?" तो म्हणाला, "तर आपण तिघं वर बसू. तीन जागा माग."

नाक ओढल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग अगदी जवळून, त्याच्याच उंचीवरून, ती म्हणाली, "हात कसे धरायचे? मी ही खूण कधी केलीच नाही. प्रशिक्षणातसुद्धा नुसती बघितली." तो उभा राहिला, हात तसेच ठेवून. त्यानेही ती कधी केली नव्हती, नियमांच्या पुस्तकातलं चित्र तेवढं आठवत होतं. पण शिकवायचं म्हटल्यावर आवाज आपोआप सरळ झाला. "बोटं जुळलेली. तळवे सपाट. कोपरं बाहेर, लांबून दिसली पाहिजेत. फटीतून बघायचं नाही. आणि मान अजिबात हलवायची नाही." बाजूला कापड सळसळलं, तिचं कोपर त्याच्या कोपराला लागलं, आणि तिने ते तिथेच राहू दिलं. "असं?" ती म्हणाली. "मला दिसत नाही," तो म्हणाला. ती एवढंसं हसली, किंवा हुंदका असेल. "किती वेळ धरायचं?"

"वरचा पंच बघेपर्यंत."

दोघं तसेच उभे राहिले, टेबलाच्या कडेला, कागदासमोर. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, सहा वाजायला अजून अवकाश होता. खुर्ची सरकली. गुडघ्यावर भार देत, कण्हत, बायको उठून उभी राहिल्याचं ऐकू आलं.

"बघितलं मी," ती म्हणाली. "काढा आता हात."